मागच्या कप्प्यातली नळी

चिखलाचा डबा उघडला की काका आधी त्याचा वास घ्यायचे. स्टीलचा चमचा, तोही भट्टीत तापवून काढलेला, त्यावर सुपारीएवढा गाळ घ्यायचा, नाकाजवळ न्यायचा आणि डोळे मिटायचे. आमटीत हिंग पडलाय की नाही हे बघणाऱ्या माणसासारखा चेहरा व्हायचा. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "झाड आहे, ताई." नाहीतर, "गवत. सगळं गवत. झाडाचं नाव नक्को."

मी पुण्याहून हैदराबादला नवीनच आले होते. रसायनशास्त्रातली एमएस्सी, पहिला वर्ग, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा बाणा. मी म्हणायची, "काका, वासावरून असलं काही कळत नसतं हो."

"हौ, कळत नाही," ते लगेच कबूल करायचे. "पण मिट्टीला विचारल्यासारखं तर होतं!"

निम्म्या वेळा ते चुकायचे. एकदा मुसी नदीच्या काठचा गाळ हुंगून त्यांनी मोठ्या गंभीरपणे सांगितलं होतं, "झाड. जुनं, मोठं झाड." तीन आठवड्यांनी यंत्राने कौल दिला, त्यात म्हशीच्या शेणाशिवाय दुसरं काही नव्हतं. सगळी प्रयोगशाळा पोट धरून हसली. काका मुळीच ओशाळले नाहीत. म्हणाले, "मग म्हैस झाडाखाली बसली असेल."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या कागदावर ते यायला हवं होतं तिथे मी लिहिलं नाही, तेव्हा आता इथे लिहून मोठेपणा कशाला मिरवू? संस्थेत लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. कागदोपत्री ते प्रयोगशाळेतले मदतनीस होते. शिक्षण सातवी. घर काचीगुड्याला, दोन खोल्यांचं, दोन पिढ्या तिथेच. मराठी आपलीच, पण तिच्यात हैदराबादचं पाणी मिसळलेलं.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक पानावर मेणाचा पातळ थर असतो. अळूच्या पानावरून पाणी घरंगळतं ना, ते त्याच्यामुळेच. पान कुजतं, त्याची माती होते, पण हे मेण सहजासहजी कुजत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते नदीत येतं, गाळात बसतं, आणि वर्षामागून वर्षं थर साचत जातात. झाडाचं मेण आणि गवताचं मेण यांच्या रेणूंच्या लांबीत साधारणपणे फरक असतो. म्हणून नदीच्या तळात धातूची लांब नळी खुपसून गाळ काढायचा, एकेका थरातलं मेण वेगळं करायचं आणि यंत्रात घालायचं. यंत्र कागदावर शिखरं काढून देतं. ती वाचता आली की काठावर कधी जंगल होतं आणि कधी नुसतं गवत होतं ते सांगता येतं.

पानाच्या मेणाची गंमत अशी की त्यात एक शिखर उंच, पुढचं बुटकं, पुन्हा उंच, पुन्हा बुटकं. काका त्याला 'फटीचे दात' म्हणत. दुकानातल्या मेणबत्तीचं मेण मात्र खनिज तेलातून आलेलं. त्याची शिखरं सगळी खांद्याला खांदा लावून, गोलसर रांगेत उभी. "ही कवळी," काका सांगायचे. "दात बराबर एका ओळीत दिसले की समजायचं, तोंडातले नाहीत, दुकानातले आहेत." मी विद्यापीठात दोन वर्षं घालवून जे शिकले होते ते त्यांनी असं एका वाक्यात बसवलं होतं. मला तेव्हा त्याचा राग यायचा, हेही सांगून टाकते.

या कामात सगळ्यात मोठी भीती भेसळीची. हाताचा घाम लागला, केसांचं तेल लागलं, प्लास्टिकची पिशवी लागली, की यंत्र तेही इमानेइतबारे दाखवतं. म्हणून काचेचे डबे आणि फॉइलचे चौकोन भट्टीत रात्रभर भाजून घ्यायचे. हे खातं काकांचं. भाजलेल्या फॉइलची चळत ते कपाटात ठेवायचे आणि कुणी जवळ गेलं की ओरडायचे, "सोवळ्यातलं आहे! शिवू नका!" आमचे विभागप्रमुख तेलुगू. त्यांच्याकडे सोवळ्याला 'मडी' म्हणतात. तेसुद्धा दारातूनच विचारत, "मडी है क्या?" आणि काका आतून म्हणत, "मडी है साब, बाहरीच ठैरो." एवढ्या मोठ्या साहेबाला दाराबाहेर थांबवणारा त्या इमारतीत दुसरा माणूस नव्हता.

नदीवर जायचं असलं की दोन दिवस आधीपासून ते डोक्याला तेल लावत नसत. पानही बंद. केस असे उभे राहत की दुरूनही कळावं, आज काकांची नदी आहे. काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागायच्या. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. अंबाडीची भाजी, भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. वाढता वाढता काकू म्हणाल्या, "वीस वर्षं झाली ताई, सणवार असो काही असो, नदीवर जायचं म्हटलं की हे भूतासारखे हिंडतात. तुमच्या मशीनला माझ्या खोबरेल तेलाचा एवढा काय तिटकारा?"

"तिटकारा नाही गं," काका म्हणाले. "मशीन भोळं आहे. तुझं तेल दिसलं तर म्हणेल, नदीकाठी नारळाची बाग होती."

त्याच दिवशी जेवणानंतर त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली. वडील निजामाच्या अमलात जंगलखात्यात रखवालदार होते. मांजरा नदीच्या एका वळणावर त्यांचं ठाणं. म्हातारपणी ते सांगायचे की त्या वळणावर इतकं दाट जंगल होतं, की भर दुपारी कंदील घेऊन फिरावं लागे. ऐकणारे हसायचे. कारण काकांनी कळत्या वयात ते वळण पाहिलं तेव्हा तिथे गवत आणि ज्वारीखेरीज काही नव्हतं. भाऊबंद तोंडावर म्हणत, म्हाताऱ्याला थापा मारायची सवय आहे. "मीसुद्धा हसलो होतो एकदा," काका म्हणाले. "त्यांनी बघितलं माझ्याकडे. मग पुन्हा कधी ती गोष्ट काढली नाही."

थोडा वेळ ते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "ताई, तुमची नळी त्या वळणावर जाईल तेव्हा मला सांगा. खालच्या थरात झाड निघालं का, तेवढं. बाकी मला काही नक्को."

मी म्हटलं, "त्यात काय काका, नक्की सांगेन." किती सहज बोलतो आपण.

ते दिवस मोठे घाईचे होते. देश उघडला म्हणत होते सगळे. कुकटपल्लीत मी भाड्याने राहत होते, तिथे आठवड्याला एक नवी पाटी लागायची. गच्च्यांवर छत्र्या उगवल्या होत्या, घरोघरी तारांतून परदेशी वाहिन्या येत होत्या. आमच्या संस्थेला वरून पत्र आलं की यापुढे आपापलं पोट आपण भरा. मग खासगी कंपन्यांचे नमुने येऊ लागले, आणि नदीवर जाणारी जीप त्यांच्या दिमतीला लागली. आणखी एक गोष्ट येणार होती, ती म्हणजे जादा माणसांची यादी. कुणाची नावं असतील यावर रोज चहाला चर्चा. काका त्या चर्चेत नसायचे. ते भट्टीपाशी असायचे.

मलाही घाई होती. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं, या विषयावर हाती काही ठोस असेल तर पाठवा, जागा आहे. मी मांजरेचं वळण निवडलं. काकांना तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर केस उभे. नदीवर जायला अजून आठ दिवस होते.

जीप मिळाली ती एका दिवसापुरती. आदल्या संध्याकाळी मी हौसेनं सगळ्यांसाठी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. फॉइल तेव्हा घरोघरी नव्हता. एका पाहुण्याकडे त्यात गुंडाळलेला खाऊ पाहिला होता, तो मला फार झकपक वाटला होता. म्हणून निघताना मी प्रयोगशाळेच्या कपाटातून काकांच्या चळतीतले चौकोन उचलले. आहेत की भरपूर, म्हटलं. ते मोजून ठेवलेले आहेत हे मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू, ठाऊक होतं. विचार केला नाही, एवढंच.

दुपारपर्यंत आम्ही पाच नळ्या काढल्या. काका मांडीभर पाण्यात उभे राहून नळी दाबत होते, आणि प्रत्येक नळी वर आली की तिच्याकडे बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या बाळाकडे बघावं तसं बघत होते. मग नळ्यांची तोंडं बांधायला त्यांनी फॉइलचा डबा उघडला. पाच नळ्या म्हणजे दहा तोंडं. डब्यात चौकोन चार.

त्यांनी डब्यात बघितलं. मग गवतावर उघड्या पडलेल्या माझ्या पुऱ्यांच्या पुडक्यांकडे बघितलं. मग पुन्हा डब्यात. मला काहीएक विचारलं नाही. म्हणाले, "ताई, दोन नळ्या सोवळ्यात बांधू. बाकी गाळ नदीला परत देऊ. पुन्हा येऊ कधीतरी."

"पुन्हा जीप कोण देणार आहे काका? मला पाचही पाहिजेत. आणि सगळ्यांना एकसारखं बांधलेलं पाहिजे." मग मीच अक्कल पाजळली, "भूगर्भवाले लावतात तसं मेण लावू. मेणबत्त्या वितळवायच्या नि ओतायच्या. टोकाचा गाळ नंतर कापून टाकू."

काकांनी दोन्ही हात पुढे केले, रस्त्यात गाडी थांबवावी तसे. "मेणात मेण नक्को, ताई. मग पानाचं कुठलं अन् दुकानातलं कुठलं, कसं सांगणार?"

आणि मी म्हणाले, "काका, एमएस्सी मी आहे की तुम्ही?"

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं.

"हौ," ते म्हणाले. "तुम्ही." आणि ओल्या पायजम्यानिशी गावातल्या दुकानाकडे चालू लागले. मेणबत्त्या त्यांनीच आणल्या, त्यांनीच वितळवल्या, त्यांनीच ओतल्या. एरवी काम करताना गुणगुणायचे, त्या दिवशी आवाज नव्हता. मी जीपमध्ये बसून टिपणं लिहू लागले. नंतर बघितलं तर काका पुन्हा पाण्यात. हत्यारं धूत असतील, असं मला वाटलं.

प्रयोगशाळेत नळ्या उघडल्या तेव्हा टोकं कापून काही उपयोग झाला नाही. वितळलेलं मेण कडेकडेनं आत उतरलं होतं, आणि गाळ बाहेर ढकलताना ते लांबीभर फासलं गेलं होतं. यंत्राने पहिला कागद काढला. काका माझ्या मागे उभे होते. एकसारखी, गोलसर, शहाण्यासारखी रांगेत उभी असलेली शिखरं.

"कवळी," काका हळूच म्हणाले. पाचही नळ्या तशाच निघाल्या.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर पाच कागद होते आणि एका नळीचं मेण लागलेलं तोंड. साहेबांनी विचारलं, "ये मोम कौन लगाया?"

"मैं लगाया, साब," काका म्हणाले.

"तुम?" साहेब म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "तुम?" आणि माझ्याकडे वळले. त्यांना शंका आलीच होती. नदीवर जाताना केसांना तेल न लावणारा माणूस नळीच्या तोंडाला मेणबत्तीचं मेण लावेल, हे कुणाला खरं वाटणार? त्यांनी मला वाट दिली होती. एक वाक्य बोलायचं होतं, 'मी सांगितलं म्हणून.' तीन-चार शब्द. माझ्या डोळ्यांसमोर त्या परदेशी प्राध्यापकांचं पत्र आलं, आणि मी टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. काकांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. आता तेही समजावत नाही.

महिन्याच्या आत यादी आली. पहिल्या फेरीत ज्यांना हलवायचं त्यांत काकांचं नाव होतं. मागच्या इमारतीतल्या भांडारात, रिकाम्या खोक्यांच्या राखणीला. नदी बंद, भट्टी बंद. कारण विचारायला कुणी गेलं असतं तर सांगायला मेण होतंच.

जाण्याच्या दिवशी त्यांनी नमुने ठेवायच्या शीतगृहाची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "मागच्या कप्प्यात, खाली, एक नळी आहे. फुरसतीनं बघा. चार चौकोन होते ना, म्हणून एक जादा घेऊन ठेवली. दोन्ही तोंडांना दुहेरी." मग जाता जाता वळून म्हणाले, "अन् ताई, खाली झाड निघालं तर तेवढं सांगा."

साहेबांसमोर उभे असताना ही नळी त्यांच्याजवळ होती. ती नुसती दाखवली असती तरी सगळं लख्ख झालं असतं.

मी ती नळी बघितली. तीन आठवडे राबले. हात इतके धुतले की साली निघाल्या. आणि निघालं ते असं की पाहत राहावं. फटीचे दात, एकापाठोपाठ एक, स्वच्छ. वरच्या थरांत गवताचं मेण. खाली खाली जावं तसं गवत कमी होत गेलेलं, आणि नळीच्या तळाशी, काकांच्या वडिलांच्या उमेदीच्या काळाच्या आसपास कुठेतरी, झाडं. पानांचं मेण आणि लाकडाचे अंशसुद्धा. म्हाताऱ्याने थापा मारल्या नव्हत्या.

मी कागद घेऊन उठले. खरंच उठले होते मी. मागच्या इमारतीचा जिना दिसेपर्यंत गेले होते. तिथे साहेब भेटले. कागद बघून त्यांचे डोळे चमकले. "ये कौनसा ट्यूब है?"

"मी एक जादा घेतली होती, सर," मी म्हणाले. "फॉइल लावून."

"शाबास," ते म्हणाले.

त्यानंतर मागच्या इमारतीत जायची सोय उरली नाही. विचार करा ना, काकांना सांगितलं असतं तर ते आनंदाने अख्ख्या संस्थेत सांगत सुटले असते, माझ्या नळीत माझ्या बापाचं जंगल निघालं म्हणून! मग 'माझी नळी' कुठली, कधी घेतली, फॉइल होता तर मेण कशाला, सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून मी त्यांना टाळू लागले. जेवायची वेळ बदलली. लांबून ते दिसले तर रस्ता बदलला.

एकदा फाटकापाशी गाठ पडलीच. सायकल धरून उभे होते. केसांना तेल चोपडलेलं, भांग नीट पाडलेला. चारचौघांसारखे दिसत होते. "ताई, काही निघालं?"

"अजून नाही हो काका. मशीन बिघडलंय."

"हौ? मग सबुरीनं घ्या," ते म्हणाले. "मिट्टी कुठे पळून जात नाही." आणि सायकलवर टांग टाकून गेले. माझं यंत्र बिघडलं असतं तर ते त्यांना माझ्याआधी कळलं असतं. मला वाटतं, त्यांनी ते तेव्हाच ओळखलं. आणि तरीही सबुरीनं घ्या म्हणाले.

मी परदेशी गेले. तो लेख छापून आला. शेवटी आभार असतात, त्यांत साहेबांचं नाव होतं, संस्थेचं होतं, यंत्र चालवणाऱ्याचं होतं. लेख तिकडे लोकांना आवडला. एका सभेत मी तो वाचला तेव्हा कुणीतरी मुद्दाम विचारलं की नमुना इतका स्वच्छ कसा राहिला. मी भट्टीत भाजलेल्या फॉइलबद्दल पाच मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. बर्फाच्या गावात त्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसून मी रडले, पण त्या रडण्याने कुणाचं काय भलं होणार होतं?

पत्र लिहायला कितीदा बसले. 'तीर्थरूप काकांस' एवढं लिहून व्हायचं आणि पुढे हात चालायचा नाही. तेवढ्यात कुणाकडून तरी कळलं की त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की ते गेले.

सात वर्षांनी हैदराबादला परत आले तेव्हा आधी काचीगुड्याला गेले. त्या गल्लीत सायबर कॅफेची पाटी लागली होती. काकांचं घर होतं तसंच होतं. पर्समध्ये मी तो कागद नेला होता, शिखरांचा. सगळं सांगायचं असं ठरवून गेले होते. वाक्यंसुद्धा पाठ केली होती, शाळेत भाषणाला करतात तशी.

काकूंनी ओळखलं. "अगं बाई, पुण्याच्या ताई!" म्हणून हाताला धरून आत नेलं. भिंतीवर काकांचा फोटो, हार घातलेला. मी चटईवर बसले. चहा आला. आणि मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझे दोन्ही हात धरले.

"ताई, एक बोलायचं राहून गेलं होतं," त्या म्हणाल्या. "यांच्या हातून तुमचं फार नुकसान झालं ना हो? मेण लावलं म्हणे यांनी. एवढा जाणता माणूस, पण चुकला. मला म्हणायचे, पोरीची मेहनत माझ्या हातानं वाया गेली. तुम्ही मनात ठेवू नका. तुमच्यापुढे यायची त्यांना लाज वाटायची."

मी "अहो, छे छे" असलं काहीतरी पुटपुटले. पाठ केलेल्या वाक्यांतलं पहिलं वाक्य कुठलं तेच आठवेना. तेवढ्यात करंट गेला.

संध्याकाळ झाली होती, खोलीला एकच खिडकी. काकूंचा आवाज आला, "बसा हो तशाच. मेणबत्ती नाही आमच्याकडे. त्या दिवसापासून यांनी घरात आणू दिली नाही. कंदील आहे, पण त्यात तेल नाही." बांगड्या वाजल्या, त्या परत बसल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी सारखं विचारायचे, ताईंचं पत्र आलं का? मी म्हणायची, त्या कशाला लिहितील तुम्हाला, त्यांचं एवढं वाटोळं केलंत!"

अंधारात बोलणं सोपं असतं, असं म्हणतात. माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं. मी म्हटलं, "काकू."

"काय हो?"

"त्या वळणावर झाडं होती. दाट. काकांचे वडील खरं सांगत होते."

काकू उठल्या असाव्यात, बांगड्या वाजल्या. मग एकदम म्हणाल्या, "खरंच? अगं बाई, खरंच? कधी कळलं हो तुम्हाला?"

सात वर्षं झाली होती. काका तेव्हा मागच्या इमारतीत, शंभर पावलांवर होते. कागद पर्समध्ये होता आणि पर्स मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

"परवाच," मी म्हणाले.

करंट आला. काकू मघाशीच उठून फोटोपाशी गेल्या होत्या. फोटोत काकांच्या केसांना तेल होतं, भांग नीट पाडलेला. काकूंनी पदराच्या टोकाने फोटोची काच पुसली आणि फोटोला, जरा मोठ्याने, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "ऐकलंत का? होतं म्हणे जंगल! ताईंना परवाच कळलं. कळल्याबरोबर सांगायला आल्या बघा."